टीबीटीचं प्रकरण : जहाजाचा रंग, बिघडलेली कालवं आणि उशिरा आलेला कायदा

फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आर्काशों नावाचं उथळ आखात आहे. समुद्राकडचं तोंड सोडलं तर बाकी सगळीकडून जमिनीने वेढलेलं, त्यामुळे कालवांच्या शेतीला फार सोयीचं. १९७०च्या आसपास रोगाने तिथली जुनी पोर्तुगीज कालवं नाहीशी झाली, त्यांच्या जागी पॅसिफिक कालवं आणली गेली आणि धंदा सावरला. पण १९७६नंतर पुन्हा काहीतरी बिनसलं. उन्हाळ्यात कालवं अंडी घालत, अळ्या पाण्यात दिसतही, पण काही दिवसांतच मरून जात. वर्षामागून वर्ष बीज धरेना. जी मोठी कालवं होती त्यांची शिंपली पसरायची सोडून जाड व्हायला लागली. पापुद्र्यांवर पापुद्रे, मधल्या पोकळ्यांत जेलीसारखा चिकट पदार्थ, आणि शेवटी शिंपल्याचा चेंडूसारखा गोळा. आत मांस जेमतेम. अशी कालवं कोण विकत घेणार? वर्षाला १० ते १५ हजार टन माल देणारं आखात १९८१मध्ये सुमारे ३ हजार टनांवर आलं.

त्याच आखातात उन्हाळ्यात हजारो हौशी नौका नांगर टाकून उभ्या असत. त्यांच्या बुडाला लावलेल्या रंगाचं हे प्रकरण आहे. त्या रंगातल्या ट्रायब्युटिलटिन, म्हणजे टीबीटी, या कथिलाच्या संयुगावर फ्रान्सने १९८२मध्ये पहिली बंदी घातली. जगभरच्या सगळ्या जहाजांना लागू होणारा करार अमलात आला तो २००८मध्ये. मधली २६ वर्षं नेमकी कशात गेली, हे पाहण्यासारखं आहे.

'शास्त्रज्ञांनी पुरावा दिला, सरकारांनी कायदा केला' असं हे प्रकरण बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं. सांगायला ते सोपं पडतं. प्रत्यक्षात दर टप्प्यावर धोरण ठरवणाऱ्यांचा प्रश्न वेगळा होता, आणि नेमक्या त्या प्रश्नाचं उत्तर असलेला पुरावा हाती आला तेव्हाच पाऊल पुढे पडलं. तोवर जे बाकीचं ज्ञान जमा झालं होतं ते कितीही पक्कं असलं तरी नियतकालिकांच्या पानांत पडून राहिलं.

रंग इतका लाडका का होता

जहाज पाण्यात उभं राहिलं की त्याच्या बुडावर आधी जिवाणूंचा थर बसतो, मग शेवाळ, मग बार्नॅकल, शिंपले, नळीत राहणारे किडे. संरक्षक रंग नसेल तर सहा महिन्यांच्या आत चौरस मीटरमागे १५० किलोपर्यंत जीव चढू शकतात. एखाद्या अवाढव्य तेलवाहू जहाजाचा पाण्याखालचा भाग ४० हजार चौरस मीटर धरला तर हा बोजा ६ हजार टनांचा होतो. बूड खरखरीत झालं की पाण्याचा विरोध वाढतो आणि इंधनाचा खर्च ४० टक्क्यांपर्यंत चढू शकतो. हे आकडे आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, स्वतः देते. त्यामुळे टीबीटी वापरणाऱ्यांना खलनायक ठरवण्याआधी त्यांची अडचण समजून घ्यायला हवी.

कथिलाच्या सेंद्रिय संयुगांची जंतुनाशक ताकद १९५०च्या दशकात नेदरलँड्समधल्या उट्रेक्टच्या संशोधकांनी दाखवली. १९६०च्या दशकात ती जहाजांच्या रंगात आली. सुरुवातीचे रंग साधे होते. विष रंगात नुसतं मिसळलेलं असे, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत भराभर बाहेर पडे आणि नंतर रंग निकामी होई. १९७०च्या दशकात खरी झेप आली. टीबीटी ॲक्रिलिक बहुवारिकाला, म्हणजे पॉलिमरला, रासायनिक बंधाने जोडण्यात आलं. समुद्राचं किंचित अल्कधर्मी पाणी हा बंध हळूहळू तोडतं, वरचा पातळ थर झिजतो आणि खालचा ताजा थर उघडा पडतो. जहाज जितकं चालेल तितकं त्याचं बूड गुळगुळीत होत जाणार, विष एकसारख्या वेगाने सुटत राहणार, आणि पाच वर्षांपर्यंत गोदीत चढवायची गरज नाही. रंगाच्या धंद्यात याहून चांगली कल्पना क्वचितच निघाली असेल.

टीबीटी पाण्यात काही दिवसांत ते आठवड्यांत विघटित होतं, असंही तेव्हा सांगितलं जाई, आणि उजेड असलेल्या, प्राणवायू असलेल्या पाण्यापुरतं ते खरंच आहे. पाण्याखालच्या गाळाचा विचार त्या हिशोबात फारसा नव्हता.

आर्काशों : पैशाने ऐकू येणारा पुरावा

फ्रान्सच्या मत्स्य संशोधन संस्थेत, म्हणजे पुढे जिच्यातून इफ्रेमेर ही सागरी संशोधन संस्था तयार झाली तिथे, क्लोद आल्झ्यू आणि त्यांचे सहकारी या संकटामागे लागले. पहिली अडचण अशी की संशयित भरपूर होते. उथळ, बंदिस्त आखातात आसपासच्या वस्तीचं, शेतीचं, कारखान्यांचं पाणी येतं. बोटींचं तेल सांडतं. त्यात शिंपली जाड होण्याचं एक निरुपद्रवी कारणही सांगितलं जात होतं: पाण्यातला तरंगता गाळ.

या गाळाच्या शक्यतेचा निकाल ब्रिटिशांनी लावला. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खाड्यांमध्येही पॅसिफिक कालवं जाड होत होती. बर्नहॅम-ऑन-क्राउचच्या सरकारी मत्स्य प्रयोगशाळेतले वॉल्डॉक आणि थेन यांनी कालवांना एकीकडे गाळात आणि दुसरीकडे टीबीटीत ठेवून पाहिलं. १९८३मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: शिंपली जाड करणारं टीबीटीच. प्रयोग तसा साधा होता. पण 'हे नैसर्गिकही असू शकतं' हा युक्तिवाद प्रत्येक पर्यावरणाच्या वादात येतो आणि त्याला उत्तर द्यायला असाच कंटाळवाणा, दोन शक्यता समोरासमोर ठेवणारा प्रयोग लागतो.

फ्रान्सने मात्र त्याची वाट पाहिली नाही. आल्झ्यूंच्या गटाकडे १९८१च्या सुमारास काय होतं? रंगवलेल्या पट्ट्यांच्या सान्निध्यात ठेवलेल्या कालवांच्या शिंपल्यांत तशीच विकृती येते, हे दाखवणारे प्रयोग. मरिनांच्या, म्हणजे हौशी नौका उभ्या करायच्या बंदरांच्या, जवळ विकृती जास्त, लांब गेलं की कमी, हा नकाशा. अळ्यांना टीबीटी अगदी थोड्या प्रमाणातही मारतं, हे दाखवणारी प्रयोगशाळेतली आकडेवारी. जे नव्हतं ते म्हणजे आखाताच्या पाण्यात टीबीटी नेमकं किती आहे याची भरवशाची मोजणी. इतक्या सूक्ष्म प्रमाणातलं संयुग पाण्यात वेगळं ओळखून मोजण्याचं तंत्र तेव्हा अजून घडत होतं.

आज एखाद्या समितीपुढे हा संच ठेवला तर 'एक्सपोजरचा विदा अपुरा आहे' असा शेरा येईल, यात मला शंका वाटत नाही. तरी जानेवारी १९८२मध्ये लहान बोटींवर टीबीटी रंगांना मनाई झाली, आणि त्याच वर्षी तिची व्याप्ती वाढवण्यात आली. कारण उघड होतं. नुकसान मोजता येत होतं, ते फ्रान्सच्या एका संघटित, मतदार असलेल्या व्यवसायाचं होतं, आणि ज्यांच्यावर बंधन येणार ते हौशी नौकामालक होते. त्यांना तांब्याचा जुना रंग लावायला सांगणं राजकीयदृष्ट्या स्वस्त होतं. या प्रकरणात पुढे जे काही अडलं ते यातली एखादी गोष्ट नव्हती म्हणून.

बंदीनंतर जे घडलं ते आधीच्या सगळ्या प्रयोगांपेक्षा जास्त बोलकं निघालं. १९८२च्या उन्हाळ्यातच अळ्या तगल्या, बीज धरलं. शिंपल्यांची विकृती बंदीआधी जवळजवळ प्रत्येक कालवात दिसत होती, ती १९८३पर्यंत निम्म्यावर आली. आखात तेच, वस्ती तीच, कारखाने तेच. बदलला होता फक्त रंग. धोरण हाच प्रयोग झाला आणि त्याचा निकाल इतर देशांना वाचता आला.

ज्याची कुणाला किंमत नव्हती असा शंख

आता बारा वर्षं मागे, इंग्लंडमधल्या प्लिमथला. १९७०मध्ये स्टीफन ब्लेबर या संशोधकाने प्लिमथच्या किनाऱ्यावरच्या डॉगव्हेल्क या लहान शंखांविषयी एक विचित्र नोंद केली. काही माद्यांना नराच्या शिश्नासारखा अवयव फुटला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या कनेटिकट किनाऱ्यावर बी. एस. स्मिथ यांना चिखलातल्या दुसऱ्या एका शंखात तेच दिसलं. त्यांनी त्याला 'इम्पोसेक्स' नाव दिलं: एका लिंगावर दुसरं लादलं जाणं. स्मिथ यांनी हे मरिनांच्या जवळ जास्त आढळतं हे टिपलं आणि १९८१पर्यंत प्रयोगाने दाखवूनही दिलं की बोटींच्या बुडाला लावलेले टीबीटीचे रंग याला कारण आहेत.

म्हणजे आर्काशोंच्या बंदीच्या वेळी हा पुरावा छापून आलेला होता. त्याने काहीही हललं नाही. चिखलातला शंख कुणी खात नाही, विकत नाही. मादीला शिश्न फुटलं तर फुटलं.

चित्र पालटलं ते प्लिमथच्या मरीन बायोलॉजिकल असोसिएशनमधल्या जेफ्री ब्रायन आणि पीटर गिब्स यांच्या कामाने. त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला. एका मादीत काय बिघडलं यापेक्षा, या बिघाडाने शंखांची वस्ती टिकते की संपते? १९८६मध्ये त्यांनी दाखवलं की इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर डॉगव्हेल्क घटत चालले आहेत, मरिना आणि बंदरांजवळ तर नाहीसे होत आहेत, आणि कारण इम्पोसेक्सच आहे. यंत्रणा भयानक पण सोपी. मादीत नराची शुक्रवाहिनी वाढत जाते आणि अंडी बाहेर पडण्याचं तोंड बुजवते. अंड्यांच्या कुप्या आतच साचतात, मादी वांझ होते आणि पुष्कळदा मरते. त्यात डॉगव्हेल्कच्या आयुष्यात पाण्यात तरंगणाऱ्या अळीची अवस्थाच नाही. पिल्लं खडकाला चिकटलेल्या कुपीतून थेट तिथेच बाहेर येतात. एकदा एका खडकावरची वस्ती संपली की दुसरीकडून वाहत येऊन ती भरून काढणारं कुणी नाही.

हे घडायला किती टीबीटी लागतं? लिटरमागे एक नॅनोग्रॅमच्याही खाली बदल सुरू होतो, आणि काही मोजक्या नॅनोग्रॅमना माद्या वांझ होतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. २५ लाख लिटरच्या ऑलिंपिक तलावात अडीच मिलिग्रॅम टाकलं की लिटरमागे एक नॅनोग्रॅम होतं. साखरेच्या काही दाण्यांएवढं.

इथे एक अवघड गोष्ट घडली. ब्रिटिश सरकारने १९८५मध्ये लिटरमागे २० नॅनोग्रॅम हे गुणवत्तेचं लक्ष्य जाहीर केलं होतं आणि रंगातल्या कथिलाच्या प्रमाणावर मर्यादा आणली होती. आकडा पुराव्यावरच बेतलेला होता. तो पुरावा मुख्यतः कालवांचा. एका वर्षात शंखाने सिद्ध केलं की या 'सुरक्षित' पातळीच्या विसाव्या भागातही एक प्रजाती बिघडते. पुढे समुद्राच्या पाण्यासाठी मर्यादा २ नॅनोग्रॅमवर आणली गेली. वैज्ञानिक आधार असलेला आकडा म्हटलं की तो निसर्गातून उतरवून घेतला असावा असं वाटतं. प्रत्यक्षात तो, तोवर कोणते प्राणी तपासले आणि यंत्राला किती कमी मोजता येतं, या दोन गोष्टींमधून निघतो. कुणी डॉगव्हेल्ककडे पाहिलं नसतं तर २०चा आकडा पुढची कित्येक वर्षं शास्त्रशुद्ध म्हणून मिरवला असता.

शंखाने आणखी एक मोठं काम केलं. पाण्याची मोजणी महागडी आणि अडचणीची होती, पण शंख गोळा करणं, माद्या उघडून पाहणं, शुक्रवाहिनीची वाढ शून्य ते सहा अशा टप्प्यांत नोंदवणं कुठल्याही किनाऱ्यावरची प्रयोगशाळा करू शकत होती. डॉगव्हेल्क म्हणजे प्रत्येक खडकावर बसवलेलं, बारा महिने चालू असलेलं मोजमापाचं यंत्र ठरलं. आणि इतर प्रदूषकांनी हा बदल होत नव्हता, त्यामुळे त्याची साक्ष फिरवता येत नव्हती. पुढे ईशान्य अटलांटिकच्या देशांनी आपल्या नियमित देखरेखीत इम्पोसेक्सचा समावेश केला तो याच सोयीमुळे.

२५ मीटरची रेष

१९८७मध्ये ब्रिटनने २५ मीटरपेक्षा लहान बोटींसाठी टीबीटी रंगांची विक्री बंद केली. १९८८मध्ये अमेरिकेने कायदा केला: २५ मीटरखालच्या बहुतेक नौकांना बंदी, आणि मोठ्यांसाठी विष सुटण्याच्या वेगावर मर्यादा. अमेरिकेत त्याआधी नौदलाने आपला ताफा टीबीटीने रंगवायचा बेत आखला होता आणि चेसापीक आखाताच्या बाजूने त्याला विरोध झाला होता. १९८९मध्ये युरोपीय समुदाय, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. १९९०मध्ये आयएमओच्या सागरी पर्यावरण संरक्षण समितीने जगभरासाठी तशीच शिफारस केली.

२५ मीटर का? पंचविसाव्या मीटरला कुठलाही जीवशास्त्रीय अर्थ नाही. २४ मीटरच्या बोटीचं टीबीटी आणि २६ मीटरच्या बोटीचं टीबीटी शंखाला वेगळं कळत नाही. ही रेष म्हणजे हौशी बोटी आणि व्यापारी जहाजं यांच्यामधली सोयीची सीमा होती. लहान बोटी महिनोन्‌महिने आखातात, खाडीत, कालवांच्या शेजारी उभ्या असतात. मोठी जहाजं खोल समुद्रात असतात, तिथे विष विरून जातं, असं गृहीत धरलं होतं. रंगाच्या डब्याची दुकानातली विक्री थांबवली की अंमलबजावणी झाली, हाही फायदा.

गृहीतकाचा पहिला भाग बरोबर होता आणि त्याचा परिणाम झाला. आखातं सुधारली, पुष्कळ ठिकाणी शंख परतू लागले. दुसरा भाग कुणी तपासलेलाच नव्हता.

अमेरिकी कायद्यातली आणि आयएमओच्या शिफारशीतली मर्यादा होती दर चौरस सेंटिमीटरला दिवसाला ४ मायक्रोग्रॅम. ऐकायला नगण्य. पण पाण्याखाली १० हजार चौरस मीटर बूड असलेलं एक जहाज घ्या. म्हणजे १० कोटी चौरस सेंटिमीटर. नियम काटेकोर पाळूनही ते दिवसाला ४०० ग्रॅम टीबीटी सोडू शकतं. हे ४०० ग्रॅम लिटरमागे एक नॅनोग्रॅमपर्यंत विरळ करायला ४० कोटी घनमीटर पाणी लागेल. हिशोब ढोबळ आहे, त्यात विघटन धरलेलं नाही. तरी बंदरात एका वेळी अशी दहा जहाजं उभी असली की काय होत असेल याची कल्पना येते.

१९९४मध्ये डच संशोधक काटो टेन हालर्स-त्याबेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर समुद्राच्या मोकळ्या पाण्यात, तळावरच्या मोठ्या व्हेल्क शंखांत इम्पोसेक्स शोधला. जहाजांची वर्दळ जिथे जास्त तिथे इम्पोसेक्स जास्त, जिथे कमी तिथे कमी. किनाऱ्यापासून दूर, मरिना नाही, हौशी बोटी नाहीत. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत निर्णायक अभ्यास हा. विषारीपणाविषयी त्याने फार नवं काही सांगितलं नाही. 'खोल समुद्रात विष विरून जातं' या एका वाक्यावर उभं असलेलं अर्धं धोरण त्याने काढून घेतलं.

जगाच्या टेबलावर

आता प्रश्न आयएमओपुढचा होता, आणि तिथे खेळाचे नियम वेगळे. जहाज एका देशाच्या मालकीचं, दुसऱ्याच्या निशाणाखाली, तिसऱ्याच्या गोदीत रंगवलेलं आणि चौथ्याच्या बंदरात उभं. एका देशाने बंदी घातली तर जहाज शेजारच्या देशात रंग लावून येणार. जपानने १९९०च्या सुमारास स्वतःपुरते कडक निर्बंध घातले होते, त्यामुळे तिथल्या गोद्यांना हा तोटा प्रत्यक्ष दिसत होता. जागतिक बंदीचा आग्रह जपान आणि उत्तर युरोपातले देश धरत होते याला शास्त्राइतकाच हाही संदर्भ आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण नोंदवायला हवं.

विरोधही होता आणि तो सगळा बेइमानीचा नव्हता. कथिल उद्योगाचं म्हणणं: पर्यायी रंग पाच वर्षं टिकतील याची खात्री नाही, इंधन जास्त जळेल तर धूर जास्त, आणि खराब बुडाला चिकटून परक्या प्रजाती एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जातील. तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. १९९९मध्ये एका ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञाने असंही लिहिलं की लहान बोटींच्या बंदीने शंख सुधारत आहेत, टीबीटीची भाकितं अतिरंजित होती, मग संपूर्ण बंदी कशाला? आकडे त्यांच्याजवळही होते. दोन्ही बाजू एकाच प्रकारचे शंख मोजत होत्या. फरक कुठले किनारे निवडले यात, आणि 'सुधारणा' म्हणजे किती, यात होता. व्यापारी बंदरं आणि तेलवाहू जहाजांचे धक्के यांच्या आसपास चित्र तितकं उजळ नव्हतं.

तराजू कशाने कलला हे एका वाक्यात सांगायचं तर: पर्याय बाजारात आला. जपानी निर्बंधांमुळे तिथल्या कंपन्यांना तांबं आणि जस्त यांच्या ॲक्रिलेटवर आधारलेले कथिलविरहित झिजणारे रंग विकसित करावेच लागले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ते मोठ्या जहाजांवर वापरून पाहिलेले होते. 'पर्याय नाही' हे म्हणणं मागे पडलं. नोव्हेंबर १९९९मध्ये आयएमओच्या सभेने तारखा ठरवल्या: १ जानेवारी २००३पासून टीबीटी लावायचं नाही, १ जानेवारी २००८पासून कुठल्याही जहाजाच्या बुडावर ते उघडं असायचं नाही. ५ ऑक्टोबर २००१ला घातक अँटिफाउलिंग प्रणालींवरचा, म्हणजे बुडावर जीव चढू न देणाऱ्या घातक रंगांवरचा, करार स्वीकारला गेला.

आणि मग काही वर्षं काहीच झालं नाही. करार लागू व्हायला २५ देश आणि जगातल्या एकूण जहाज-टनभाराचा २५ टक्के हिस्सा लागत होता. टनभार कुणाकडे? ज्यांच्या निशाणाखाली बहुतेक जहाजं नोंदलेली असतात अशा मूठभर देशांकडे. २००३मध्ये युरोपीय संघाने स्वतःचा नियम काढून २००८पासून टीबीटीच्या जहाजांना आपली बंदरं बंद करण्याची तयारी केली. सप्टेंबर २००७मध्ये पनामाने मान्यता दिल्यावर अट पुरी झाली आणि १७ सप्टेंबर २००८ला करार अमलात आला, म्हणजे त्यातच लिहिलेली अंतिम तारीख उलटून गेल्यावर साडेआठ महिन्यांनी. तोवर मोठ्या रंग कंपन्यांनी टीबीटी सोडून दिलेलं होतं. कायदा लागू होण्याआधीच त्याची बातमी बाजाराने पचवली होती. या सात वर्षांत शास्त्राला करण्यासारखं फारसं नव्हतं. पुरावा २००१ला होता तितकाच २००७लाही होता.

एक तपशील मात्र सांगायलाच हवा. टीबीटी शंखांत नराचे अवयव का उगवतं, याचं समाधानकारक रेणवीय स्पष्टीकरण २००४च्या सुमारास मिळालं, जपानी संशोधकांकडून. आधी समज असा होता की टीबीटी नर संप्रेरकांचं रूपांतर करणाऱ्या एका विकरावर, म्हणजे एन्झाइमवर, बसतं. जपान्यांनी दाखवलं की ते रेटिनॉइड एक्स नावाच्या ग्राहीला, म्हणजे पेशीतल्या रिसेप्टरला, चिकटतं आणि चुकीचा कार्यक्रम चालू करतं. म्हणजे करार आधी, कारणाची यंत्रणा नंतर. यंत्रणा कळल्याशिवाय कृती नको असा आग्रह धरला असता तर आर्काशोंच्या शेतकऱ्यांना बावीस वर्षं थांबावं लागलं असतं.

मागे उरलेलं

करारात एक कलम आहे ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. नवं एखादं रसायन बंदीच्या यादीत घालायचा प्रस्ताव आला आणि गंभीर किंवा कायमच्या हानीचा धोका दिसत असेल, तर संपूर्ण वैज्ञानिक निश्चिती नाही एवढ्या कारणावरून प्रस्तावाचं मूल्यमापन थांबवता येणार नाही. शब्दरचना सावध आहे. मूल्यमापन थांबवता येत नाही, बंदी आपोआप होत नाही. तज्ज्ञ गट बसतो, पुरावा पाहतो, शिफारस करतो. टीबीटीच्या वेळी जे सगळं वाटेत शोधावं लागलं होतं ती वाट या कलमाने आधीच आखून ठेवली.

तिचा पहिला वापर सायब्युट्रिनसाठी झाला. टीबीटी गेल्यावर रंगांमध्ये तांब्याच्या जोडीला शेवाळ मारणारी काही रसायनं आली, त्यातलं हे एक. प्रकाशसंश्लेषण रोखणं हेच त्याचं काम, त्यामुळे किनाऱ्यावरची शैवालं आणि पाणवनस्पती यांनाही ते धोक्याचं. युरोपीय देशांच्या प्रस्तावावर २०२१मध्ये करारात दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०२३पासून सायब्युट्रिनवर बंदी आली. इथे कुणाच्या कालवांचा धंदा बुडावा लागला नाही.

गाळाचं मात्र काय करायचं हे अजून नीट ठरलेलं नाही. प्राणवायू नसलेल्या चिखलात टीबीटी वर्षानुवर्षं, दशकांपर्यंत टिकतं. जुन्या गोद्या आणि बंदरांच्या तळाशी रंगाचे पापुद्रे तसेच पडून आहेत. बंदर खोल करायला गाळ उपसला की ते वर येतात. उपसलेला गाळ समुद्रात टाकायचा की जमिनीवर पुरायचा, यासाठी आधी त्यातलं टीबीटी तपासावं लागतं.

शेवटी केंटच्या किनाऱ्यावरचा डम्पटन गॅप. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गिब्स यांना तिथे असे डॉगव्हेल्क सापडले की टीबीटी असूनही माद्या अंडी घालत होत्या. त्या वस्तीत एक आनुवंशिक दोष होता. काही नरांना शिश्न नीट वाढत नव्हतं, आणि तोच दोष असलेल्या माद्यांमध्ये टीबीटीने लादलेला अवयवही वाढत नव्हता, त्यामुळे त्यांची वाट बुजत नव्हती. एरवी नराला नडणारी खोट इथे वस्ती तगवून होती. इंग्लंडच्या इतर किनाऱ्यांवर निरोगी शंखांच्या वस्त्या संपत होत्या त्याच काळात, त्या एका खडकावर, सदोष शंख टिकून होते.